पिवळी बाई, तांबडा पुरुष

४ फेब्रुवारी १९८७, बुधवार

सकाळी डिचोलीस गेलो. कृष्णनाथच्या मृत्यूच्या दाखल्यावर बापाचे नाव भिकाजीऐवजी भिवाजी पडले होते, ते दुरुस्त करून आणले. परतीची बस उशिरा मिळाली. लाटंबार्श्याला उतरलो तेव्हा दुकानापाशी माणसे जमली होती. राजभाषेचे बिल पास झाले. कोंकणी राजभाषा, मराठी सरकारी कामाला चालेल. काहीजण शिव्या देत होते, काहीजण पेढे मागत होते. दोघांची बोली एकच. मी थांबलो नाही.

जेवलो. माझी विधवा बहीण सुमन म्हणाली, आमटीत मीठ कमी आहे, सुनेचे लक्ष नाही. मला कमी लागले नाही.

ही डायरी खाणीच्या ऑफिसातून दर वर्षी येते. निवृत्त झालो तरी पाठवतात. तीस वर्षे मी खाणीच्या प्रयोगशाळेत सँपलर होतो. दगड कुटायचा, ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, त्यातला एक पुन्हा कुटायचा, चाळायचा, नोंद करायची. नोंदीची सवय आहे म्हणून लिहितो. आजवर पाने कोरी जात होती.

मुलगा जाऊन साडेतीन महिने झाले.

९ फेब्रुवारी, सोमवार

आज मागची भाताची कोठी उघडली. कृष्णनाथ तिथेच काम करी. चित्र भिंतीला टेकवलेले आहे, सहा फूट उंच.

पणजीला चित्रकला शिकत असताना त्याने जुन्या इजिप्तच्या थडग्यांतील चित्रांचे पुस्तक पाहिले. त्यानंतर त्याला दुसरे काही सुचले नाही. रंग बाजारचे नकोत, त्या लोकांनी वापरले तेच हवेत, पण जवसाच्या तेलात. तांबडा आमच्या खाणीच्या मातीचा. काळा करवंटीच्या काजळीचा. निळ्यासाठी वाळू, तांब्याचा कीस आणि शिंपल्यांचा चुना त्याने डिचोलीच्या कुंभाराच्या भट्टीत सात वेळा भाजला. सहा वेळा हिरवट खडे निघाले. सातव्या वेळी निळा आला तेव्हा तो कुंभाराच्या अंगणात बसून रडला, असे कुंभाराने मला नंतर सांगितले.

पिवळा हरताळाचा. सोन्यासारखा चमकणारा दगड, पापुद्रे सुटतात, गंधकाचा वास येतो. म्हापशाच्या काष्ठौषधीवाल्याकडे मिळतो. तो मीच कुटून देत असे, दीड वर्ष, रोज संध्याकाळी. त्याच्यासाठी मला करता येण्यासारखे ते एकच काम होते. तो ब्रशला टोक आणायला ब्रश ओठांत धरी. लहानपणी पेन्सिलही तशीच धरायचा.

चित्रात नवरा-बायको आहेत. नवरा खुर्चीवर बसलेला. बायको त्याच्या पायाशी उभी, त्याच्या ढोपराएवढी. त्या लोकांत पुरुष तांबडा आणि बाई पिवळी रंगवायची रीत होती. पुरुष उन्हातला, बाई घरातली, असे कृष्णनाथ सांगे. तांबडा पुरुष पुरा झाला आहे. नाक कृष्णनाथचे आहे. बाईच्या नुसत्या रेघा आहेत. नाक ताराचे आहे, त्याच्या बायकोचे.

शेवटच्या आठवड्यात तो मला म्हणाला, "बाबा, तिचो रंग रवलो." मी बरे म्हटले होते.

१५ फेब्रुवारी, रविवार

ताराचा भाऊ विठू चोपड्याहून आला. फेरीबोटीला गर्दी होती म्हणून दुपार झाली. सोबत वाटाभर सुके बांगडे आणले होते. सुमनने ते त्याच्यासमोरच उंबऱ्याबाहेर ठेवले.

त्याने ताराचे दुसरे लग्न ठरवत आणले आहे. मुलगा मोरजीचा, पंचायतीत कारकून, पहिली बायको बाळंतपणात गेली. मुलाचे चुलते नारायण म्हणून आहेत, त्यांची एकच अट आहे. सासऱ्याने स्वतः तोंडाने सांगायचे की मुलगी आमच्या घरी नीट वागली आणि आमची हरकत नाही. पावसाआधी लग्न करायचे आहे.

विठू म्हणाला, "भिकाजीबाब, तुमी शब्द दिलात की झालां. ती अठ्ठावीस वर्सांची आसा. जल्म कसो काडतली?"

सुमन आतून म्हणाली, "मी बाविसाव्या वर्सापासून काडतंय. माका कोणी मोरजेक न्हेलां नाय."

मी म्हटले, विचार करून सांगतो. तारा दाराआड उभी होती. तिचे पायच दिसत होते.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

विचार केला. ताराला बोलावून सांगितले की माझी हरकत नाही. मात्र आधी चित्रातील बाई रंगवून पुरी करायची. रंग तेलात कसा घोटायचा ते कृष्णनाथने तिला शिकवले आहे, दुसऱ्या कुणाला येत नाही. त्याची शेवटची इच्छा होती. ती पुरी झाली की मी त्याच दिवशी मोरजीला जाऊन शब्द देईन.

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "बाबा, ती चित्रां मेलेल्यांच्या खोलयेतली. जी बाई नवऱ्यावांगडा रंगवली, ती कायमची त्याच्यावांगडा रवता, असां ते सांगीत. मी अजून मरूक नाय."

मी म्हटले, रंगानेच तर सुटणार आहेस.

माझे बोलणे मला वाजवी वाटते. दुसऱ्या घरी जाण्याआधी इथले काम पुरे करावे, इतकेच.

२ मार्च, सोमवार

काम सुरू झाले. मी सकाळी कुटतो, ती दुपारी लावते. सवयीप्रमाणे मी नाकातोंडाला ओला पंचा बांधून बसतो. प्रयोगशाळेत तसा नियम होता. कोठीची खिडकी बंद ठेवायला सांगितली आहे, वाऱ्याने पूड उडून फुकट जाते.

आज ती म्हणाली, "बाबा, येवढा बारीक करू नकात. ते म्हणत, बारीक केलो की ह्यो पिवळो मरता. कणी जाड व्हयी."

तीस वर्षे मी दगड कुटले. जितका बारीक तितका खरा. जाड चाळणीवरचा माल साहेब परत पाठवीत. तिला काय माहीत? कृष्णनाथ असे म्हणाला असेल हेही मला पटत नाही, मला तो कधी असे बोलला नाही. मी सगळ्यात बारीक चाळण काढली. पूड पिठासारखी झाली. चाळताना कोठीभर पिवळा धूर उभा राहिला. ती तोंडाला पदर लावू लागली तेव्हा मी म्हटले, दोन्ही हातांनी चाळणीखालची पाटी धर, ती हलते.

१९ मार्च, गुरुवार

बाई रंगवून झाली. रंग फिका आला, शिळ्या भाताच्या पेजेसारखा. तांबड्या पुरुषाशेजारी ती आजारी दिसते.

सुमन पहिल्यांदाच बघायला आली. खूप वेळ हसली. "हिचे दोनय पाय डावे! चलतली कशी गो ही? आणि तोंड एका कुशीक, डोळो समोर. सुरमईचो डोळो कसो." मग म्हणाली, "पण बायलेक बऱ्या जाग्यार ठेवल्यान हां. ढोपराइतकी."

तारा म्हणाली, "आत्ये, त्या देशात पाय असेच काडतत."

"तर मग त्या देशात जा. मोरजेक कित्याक जातंस?"

मी ताराला रंग खरवडून काढायला सांगितले. पुन्हा लावू.

२८ मार्च, शनिवार

तीन दिवस खरवडणे चालले. पाते चालवले की सुकलेला रंग पुडीसारखा उडतो. तिच्या भुवया पिवळ्या झाल्या होत्या. विहिरीवरच्या बायका तिला "हळदीची नवरी" म्हणाल्या, असे सुमनने सांगितले. सुमननेच त्यांना मोरजीचे सांगितले असणार.

६ एप्रिल, सोमवार

तारा सकाळी ओकली. दुपारीही. काजूच्या दिवसांत आंबट खाल्ले जाते. मी तिला बोंडू खाऊ नकोस म्हटले. ती म्हणाली, बोंडूला हात लावलेला नाही.

दुपारी काम केले.

१४ एप्रिल, मंगळवार

पुन्हा फिका. ती म्हणते बारीक पुडीमुळे. मी म्हणतो तेल जास्त. पुन्हा खरवडायला सांगितले. तिने पाते खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मग पाते उचलले.

रोज एकदा तरी ओकते. पाय जळतात म्हणून रात्री ओल्या गोणपाटावर ठेवते. जाण्याची घाई झाली की माणूस नाना दुखणी काढतो. प्रयोगशाळेत पोरे शनिवारी अशीच आजारी पडत.

२० एप्रिल, सोमवार

काल सहा महिने झाले. सुमनने वालीची भाजी आणि खीर केली, कृष्णनाथला आवडे म्हणून. तारा दोन घास खाऊन बाहेर पळाली.

सुमन वाढता वाढता थांबली. बोटांवर मोजू लागली. मोठ्याने मोजले. "कार्तिक, मार्गशीर्ष, पूस." मग म्हणाली, "कृष्णनाथाक जावन सा म्हयने झाले. त्येच्या आदी पाच म्हयने तो खाटेर. मगे ह्यो ओकाऱ्यो कोणाच्यो?"

तारा दारात उभी होती. तोंड धुऊन आली होती, पाणी गळत होते. म्हणाली, "आत्ये, देवाक तरी भिया."

"मी देवाकच इचारतंय. देवाक तुजां पोट दिसणां नाय?"

मी खीर खाल्ली. बायकांच्या भांडणात मी पडत नाही.

पुढे लिहावे की नाही कळत नाही. कृष्णनाथलाही गेल्या जूनपासून पोटात काही ठरत नव्हते. त्याच्याही पायांची आग होई. तळवे जाड, खरखरीत झाले होते. पणजीच्या डॉक्टरांनी लिव्हर म्हटले. सुमन म्हणे चोरून पितो. तो पीत नव्हता. आज तारा ताट उचलायला वाकली तेव्हा तिचे तळवे पाहिले.

तिने घरकाम फार केले आहे. बायकांचे हात असेच होतात.

२९ एप्रिल, बुधवार

विठूचे पत्र आले. गोष्ट मोरजीपर्यंत गेली. नारायण म्हणतात, पोटुशी मुलगी आम्ही करणार नाही. कुणी सांगितले त्याने लिहिलेले नाही. सुमन गेल्या आठवड्यात मोरजीच्या देवळात पूजेला गेली होती.

१ मे, शुक्रवार

आज कोठीत गेलो तो बाई रंगवून पुरी.

ताराने माझी पूड वापरलीच नव्हती. हरताळाचा खडा तिने स्वतः फोडला होता, जाड कणी तशीच तेलात घेतली होती. मी खिडकी उघडली. उजेड पडला तसा एकेक कण चमकला. खांदा, हात, गाल, सगळे उन्हात धरलेल्या पितळेसारखे. तांबडा पुरुष तिच्याशेजारी मातीचा दिसत होता. तो मातीचाच आहे.

कृष्णनाथ हेच करणार होता हे मला कळले. मी खूप वेळ उभा होतो.

तारा भिंतीला टेकून खाली बसली होती. म्हणाली, "झालां, बाबा. आता मोरजेक जायात."

मी म्हटले, पाय चुकले आहेत. दोन्ही डावे आहेत. एक उजवा कर, मग जातो.

असे का म्हणालो ते मला सांगता येत नाही. पाय कृष्णनाथने काढले होते, आणि त्या देशात ते तसेच काढतात हे मला ठाऊक होते.

ती हसली. सासरी आल्यापासून तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते. मग ओकली.

४ मे, सोमवार

विठू तिला म्हापशाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. संध्याकाळी परत आणून सोडले. पोटुशी नाही. डॉक्टरांनी तिची नखे आणि तळवे बघून विचारले, हाताने काय काम करता? तिने पिवळ्या दगडाचे सांगितले. ते म्हणाले, दगड कुठला हे कुटणाऱ्याकडून नक्की समजले पाहिजे. केस आणि नखे तपासायला मुंबईला पाठवावी लागतील, वेळ लागेल.

विठू उंबऱ्यावरूनच परत फिरला. पाणीही प्यायला नाही.

आमच्या केमिस्टसाहेबांच्या कपाटात वरच्या फळीवर एक पिवळ्या पुडीची बाटली होती. लेबलवर कवटी. तिला कुलूप असे. "भिकाजी, ह्याला हात लावायचा नाही, लावला तर साबणाने धुवायचा," असे ते पहिल्याच वर्षी म्हणाले होते. वास हाच होता. पण ती कंपनीची बाटली होती. हा औषधवाला देतो. औषधवाला विष कसे देईल?

कृष्णनाथच्या दाखल्यावर लिव्हर लिहिले आहे. सरकारी दाखला आहे. त्यात चूक फक्त माझ्या नावाची होती, ती मी दुरुस्त करून घेतली.

१० मे, रविवार

नारायण मोरजीहून स्वतः आले. पांढरा सदरा, हातात छत्री, बोलणे मवाळ. बरोबर विठू. सुमनने त्यांना चहा दिला, विठूला दिला नाही.

नारायण म्हणाले, "भिकाजीबाब, भावान गाठललो डॉक्टर भावासारखां सांगतलो. आमचो इश्वास तुमच्यार. तुमी जल्मभर दगड कुटले. तुमी सांगा, त्या पिवळ्या पुडीन माणूस असां आजारी पडता? होय म्हणात, आमी आत्ताच नारळ ठेवतंव. पोरगी औषधान बरी जातली. नाय म्हणात, तर आमी उठतंव."

तारा खांबाला धरून उभी होती. तिला धरल्याशिवाय उभे राहता येत नाही.

मी विचार केला. होय म्हटले तर एक शब्द होता. पण पुढचा प्रश्न ते विचारणार. नारायणांनी नाही तर विठूने. विठूने नाही तर सुमनने, विहिरीवर. मुलाला कुणी कुटून दिले? किती दिवस? किती बारीक?

मी म्हटले, "मी तीस वर्षे दगड कुटले. हाही मीच कुटला. मला काही झालेले नाही. बघा."

ते खरे आहे. मला काही झालेले नाही.

नारायणांनी कप बशीवर पालथा घातला आणि उठले. "मगे देवान सगळ्यांचां बरां करूं," असे म्हणून गेले.

विठू माझ्या अंगावर आला. ताराने त्याला अडवले. तिने कपड्यांचे बोचके आधीच बांधले होते. म्हणजे तिला माझे उत्तर माहीत होते. उंबऱ्याशी ती थांबली.

"बाबा, तुमी कुटताना तो पंचो भिजवन बांदीत. दोन वर्सां बघी होतंय. कधी तरी त्येंकाय एक फाळको दियात, असां वाटी." मग म्हणाली, "माका नाय. त्येंका."

विठूने तिला पाठुंगळी घेतले. बसस्टॉपपर्यंत चढ आहे.

१८ मे, सोमवार

काही विशेष नाही. कोठीला कुलूप लावले.

३० मे, शनिवार

गोवा आजपासून राज्य झाले. शाळेतल्या मुलांना लाडू वाटले. डिचोलीला फटाके वाजले, इथवर ऐकू आले. दुकानात रेडिओ मोठ्याने लावला होता, लोक माझ्यासाठी बाकावर सरकले. मी बसलो. चोपड्याचा एक फेरीवाला तिथे सांगत होता की विठूच्या बहिणीचे केस गेले, काठी घेऊन चालते. मुंबईहून कागद आला, त्यात विष निघाले. मोरजीच्या मुलाचे मात्र परवाच कोरगावच्या मुलीशी लग्न झाले. कागद एक दिवस उशिरा आला, असे म्हणत होता. मग त्याने मला ओळखले आणि टोपली उचलून निघाला. बाकावरची माणसेही एकेक करून उठली.

घरी आलो तर सुमन ट्रंक भरत होती. तिच्यापर्यंत बातमी आधीच पोचली होती. आपल्या लेकीकडे दोडामार्गाला जाते म्हणाली. मी विचारले, किती दिवस? तिने माझ्याकडे न बघता म्हटले, "ह्या घरातलां पाणी माझ्या घशाखाली उतरणां नाय, भिका. तू त्येका कुटून दिलंस ना? आपल्या हातान?"

लहानपणानंतर भिका म्हणून तिने आज हाक मारली.

मी ट्रंक बसपर्यंत नेऊन दिली. तिने खिडकीतून हात बाहेर काढला नाही.

३ जून, बुधवार

खाणीच्या ऑफिसात जाऊन आलो. पुढल्या वर्षी डायरी पाठवू नका म्हणून सांगितले. नव्या पोराने नाव लिहून घेतले. मी म्हटले, भिकाजी, भिवाजी नव्हे. तो म्हणाला, तसेच लिहिले आहे.

४ जून, गुरुवार

आज सदऱ्याचे वरचे बटण तुटले. सुमनचा सुईदोऱ्याचा डबा फळीवर राहिला होता. खिडकीशी बसलो. सुई ओवायला जमेना, दोरा ओठांत धरून ओला केला, टोक कापले, पुन्हा ओला केला. चौथ्या खेपेस गेला. बटण लावले. थोडे वर बसले आहे, पण काजात जाते. दोरा दातांनी तोडला.